साहेबबाबाची आण

वीरधवलने उजवा हात दगडावर ठेवला, तोच संयोगिता म्हणाली, "थांब जरा."

मळ्याच्या बांधावरचा हा दगड म्हणजे साहेबबाबा. पाच-सहा पिढ्यांमागे कुणी गोरा साहेब इथे मळा करून राहिला, इथल्याच बाईशी संसार करून इथेच मेला. घरातल्यांचे घारे डोळे त्याचेच, हे पार कोरेगावच्या बाजारापर्यंत ठाऊक. फौजेत निघालेल्या पोराने त्याच्या दगडावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "साहेबबाबाची आण, पाठ दाखवणार न्हाई." साहेब म्हणजे लढवय्याच असणार, असं सगळे धरूनच चालले होते. तो नक्की कोण होता हे विचारायची बुद्धी घरात एकाच माणसाला झाली, सांगलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या या थोरल्या लेकीला, संयोगिताला.

"आता काय मधीच?" शकुंतला म्हणाली. आईच्या हातात नारळ होता. रस्त्यावर जीप उभी होती.

"आई, ह्याची कसम परेड झाली की. एकदा शपथ घेतलीय त्यानं."

"ती सरकारची. ही घरची."

वीरधवल हसला. पहिल्या पोस्टिंगवर निघालेला पोर, दोन काय दहा शपथा घेईल.

दोन वर्षं संयोगिता साहेबाच्या मागावर होती. सुगीनंतर हेळवी येतो आणि घराण्याची वंशावळ वाचून दाखवतो, त्यात साहेब नव्हताच. त्याच्या पोराला आईचं नाव लावून हेळव्याच्या कुणा पणजोबाने साहेबाला बेमालूम गिळून टाकलं होतं. मग तिने साताऱ्याच्या कचेरीतले जुने फेरफार काढले, मळ्याच्या दाव्याचे कागद काढले. शेवटी त्याच्या पंथाच्या लोकांनी विलायतेहून उत्तर धाडलं. गेल्या आठवड्यात सगळं जुळलं आणि तिची झोप उडाली. सांगितलं तर भाऊ आणेतून सुटत होता. पण आईचं काय होईल?

कारण आबा. तिच्या बापाने, मानसिंगनेही, याच दगडावर हात ठेवला होता. वरच्या चौकीवर गोळीबार वाढला तेव्हा बाकीचे खाली सरकले, मानसिंग हलला नाही. वडूजचा त्याचा जोडीदार नंतर घरी येऊन रडत म्हणाला होता, "चल म्हनालो, वैनी. तर म्हनतो, घरची आण हाय गड्या, तू हो म्होरं." शवपेटी आली, पण ती उघडू दिली नाही. तेव्हापासून मानसिंग वर चौकीतच उभा आहे असं शकुंतला धरून होती. थंडी पडली की ती रात्री दाराला कडी लावत नसे.

"अक्का, गाडी चुकंल माझी," वीरधवल म्हणाला.

"त्यो शिपाई न्हवता," संयोगिता एकदाची बोलली. "क्वेकर हुता. त्या पंथातली मानसं हत्याराला हात लावत न्हाईत."

"बरं, मग?" शकुंतला म्हणाली. "न्हवता तर न्हवता. देव झाला न्हवं आता?"

"आई, ती मानसं शपथ घेत न्हाईत. कुनाला घ्यायलाबी लावत न्हाईत. मळ्याच्या दाव्यात ह्याला शपथ घे म्हनाले, ह्यानं घेतली न्हाई. मानसानं व्हय म्हटलं की व्हय, म्हनला, आण कशाला पायजे. त्यापायी सगळा मळा घालवला त्यानं. ही बांधाकडंची पट्टी तेवढी राहिली."

उसातून वारा गेला. वीरधवलचा हात अजून दगडावरच होता, पण आता तो उचलावा की ठेवावा हे त्याला कळेना.

शकुंतला लेकीकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काहीतरी हळूहळू चढत गेलं. ते बघून, आपण बोलायला नको होतं, असं संयोगिताला वाटलं.

"म्हंजे ह्यांनी घेतल्याली आण..."

"त्याला ती कवाच नको हुती, आई."

"मग ह्ये कशापायी थांबले वर?"

संयोगिताने खाली बघितलं.

शकुंतलाने नारळ बांधावर ठेवला. पोराचं मनगट धरलं, त्याचा हात दगडावरून उचलला आणि पदराने तळवा पुसला, लहानपणी चिखल पुसायची तसा.

"आण न्हाई घ्यायची," ती म्हणाली. "निसतं सांग. सांभाळून ऱ्हाशील?"

"व्हय."

"जा मग."

तो दोघींच्या पाया पडला आणि गेला. जीप धुरळा उडवत वळणाआड झाली तरी शकुंतला जागची हलली नाही. संयोगिताने तिच्या खांद्याला हात लावला. "चल आई, घरी जाऊ."

"तू हो म्होरं."

आबांचेच शब्द, संयोगिताने ओळखले. ती चार पावलं गेली आणि तिथेच उभी राहिली.

शकुंतला दगडाजवळ बसली. आजवर तिने साहेबबाबाला नमस्कार सोडून दुसरं काही केलं नव्हतं. आता ती त्याच्याशी, उंबऱ्यावरून शेजाऱ्याला निरोप सांगावा तशी, हळू आवाजात बोलू लागली.

"तुमी तिकडंच असनार दोघं. त्यास्नी एवढं सांगा. म्हनावं, आण लागलीच न्हवती. या आता खाली."