पिशवी

ऊसतोड सुरू झाली की शिरूर कासारातली आमची गल्ली कुलपात जाते. यंदा फक्त मायच्या दाराला कुलूप नव्हतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून मुकादमानं तिला टोळीत घेतलं नाही. मी पुण्याच्या प्रयोगशाळेत हाडांचं इंजेक्शन बनवते. तेच तिला टोचायला आले होते. "हे कशाचं करतेत गं?" "जंतूंकडून बनवून घेतो, माय. माणसाच्या अंगातलं प्रथिन बनवायला त्यांना शिकवतो, साखर देतो, ऊब देतो." "अन् मग?" "मग त्यांची पिशवी फोडतो अन् आतलं काढून घेतो." बोलून गेले आणि जीभ चावली. आमच्याकडं पिशवी म्हणजे गर्भाशय. पाळीमुळं तोडीत खाडा नको म्हणून मायची पंचविशीतच काढली. हाडं तेव्हापासून झिजली. "माझी काढली तवा त्यातून कुणाला काय औषध गावलं गं?" तिनं विचारलं. उत्तर द्यायला गल्लीत दुसरं कुणीच नव्हतं.