तांब्याच्या कलशातलं पाणी

समुद्र मेला, तेव्हा उरलीसुरली प्रवाळं सरकारने कोळीवाड्यातल्या घरांत, खाऱ्या पाण्याच्या टाक्यांत सांभाळायला दिली. धर्मीबाईच्या टाकीतली प्रवाळं आता पांढरी पडत होती आणि समुद्रफूल हा फुलासारखा जीव मिटून बसला होता. तपासनीस सामंतने बाटलीत पाणी घेऊन तपासलं.

"मावशी, पाण्यात तांबं उतरलंय. यांना ते विष. काय ओतता?"

"कलशातलं पाणी. दर्या हाय आमचा, रोज पूजा नको?"

"पूजा करून मारलंत त्याला!"

"मी मारला? कारखान्यांनी खाडीत घाण सोडली, तवा ही बाटली घेऊन का नाय आलास रे?"

सामंतने बाटलीचं झाकण लावलं. धर्मीबाईचा आवाज उतरला.

"शेजारच्या टाकीतला तुकडा आणून दे. नव्यानं वाढवीन."

"कुठून आणू, मावशी? पूजा सगळ्यांनीच केली."