डाव्या बाजूला दोन चापटा

बिलोलीत जिलानीच्या झेरॉक्सच्या दुकानात एक जुना सीपीयू होता. जिलानीची बायको बुशरा त्या डब्याला आणि नवऱ्याला सारखंच उठवायची. डाव्या बाजूला दोन चापटा आणि "उठो मियाँ!" डबा आधी उठायचा.

बुशरा वारली. तिचा चाळिसाव्या दिवसाचा फातिहा व्हायच्या आत डबाही गेला. त्याची डिस्क इमेज, म्हणजे आतल्या सगळ्याची एका फाइलीत हुबेहूब नक्कल, तेवढी जिलानीनं काढून ठेवली होती. त्यात तिच्या आवाजाचं एकुलतं एक रेकॉर्डिंग होतं, आणि ते त्या जुन्या मशीनवरच उघडायचं. म्हणून जिलानीनं लॅपटॉपच्या पोटात सॉफ्टवेअरनं तसाच दुसरा, नुसता नावाचा कॉम्प्युटर उभा केला. तो एकच सांगायचा, बूट डिस्क, म्हणजे ज्यावरून सुरू व्हायचं ती डिस्क, सापडत नाही.

"समद्या सेटिंगा बघितल्या," जिलानी शेजारच्या दयानंदला म्हणाला. "फाइल बी चांगली हाय."

"भाभीची चापट राहिली की! पण ह्याला डबाच न्हाई. मारतूस कुठं?"

दोघं हसले. जिलानीचे डोळे हसता हसताच भरून आले.

तेवढ्यात लॅपटॉपच्या आतून दोन चापटा वाजल्या.

मशीन चालू झालं.

"उठलं की रे!" दयानंद ओरडला.

जिलानी हलला नाही. चापटा थांबल्याच नव्हत्या. आता त्या स्क्रीनच्या काचेवर पडत होत्या, आतून, बरोबर त्याच्या डाव्या गालासमोर.