चंपाकळीला दिलेला हुकूम

नदीत चंपाकळी हत्तिणीची पाठ विटेने घासताना सगुणाने विचारलं, "बाबा, आज बसायचा हुकूम मी देऊ?"

"मनात दे, पोरी. बाईमाणसाने हत्तीला हुकूम दिलेला दरबारात खपत नाही," संस्थानचा माहूत हसून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पटकीने तो गेला.

त्याच्या जागी आलेल्या काकाने अंकुश खुपसून खुपसून चंपाकळीच्या कानामागे जखम केली. जखमेत अळ्या पडल्या. आज दसऱ्याची मिरवणूक, सरकार अंबारीत चढायला उभे, आणि चंपाकळी खाली बसेना. काकाने त्याच जखमेत अंकुश फिरवला. पू ओघळला.

पानाची पिंक टाकून कारभारी हसले, "बाईजात! टोचल्याशिवाय ऐकते होय? नाही बसली तर गोळी घाला."

अळ्यांपेक्षा त्या हसण्याचीच सगुणाला शिसारी आली. ती गर्दीतून पुढे घुसली.

"सगे, मागं हो!" काका खेकसला.

"चंपे, बैस," आजवर मनातच दिलेला हुकूम ती मोठ्याने बोलली.

चंपाकळीने गुडघे टेकले. सरकारांनी पाय उचलताच सगुणाने हात आडवा धरला.

"आधी हिची जखम धुवायची. मग चढा."