डनफर्राची माती
याही खड्ड्यातून वाळूच निघाली. “चालायचं नाही, बाईसाहेब.” अंमलदाराने जांभई दिली. “वडिलांच्या जमिनीतलं मातीचं ढेकूळ वारसाच्या तळहातावर ठेवल्याशिवाय मालकी मिळत नाही. सूर्य मावळला की सगळं राजाकडे जमा.” मारिओटाने फावडं आपटलं. स्कॉटलंडच्या समुद्रवाऱ्याने तिच्या दिवंगत वडिलांचं अख्खं डनफर्रा वाळूखाली गाडलं होतं, आणि घराण्याचं नावही डनफर्राच. “सोड गं,” नवरा वैतागला, “वाळवंटाची मालकीण होऊन काय करणार?” “वाळू तुझ्या तोंडात कोंबणार!” ती टेकडीवर तेवढ्या वाचलेल्या घरी गेली, शिडी चढली आणि छपरावरच्या गवताळ मातीचं ढेकूळ उपटून घेऊन आली. “आजोबांनी छप्पर घातलं तेव्हा इथं शेत होतं. ही त्यातलीच माती.” अंमलदाराने ढेकूळ हुंगून तिच्या तळहातावर ठेवलं. “डनफर्रा तुमचं.” नवरा वरमला. आभाळ भरून आलं होतं. तिने पुन्हा शिडी चढून अख्खं डनफर्रा छपराच्या भोकात कोंबलं.