दाराची मूठ

तुरुंगात त्रेचाळीस कैद्यांना वाचायला शिकवल्याबद्दल डेस्मंडला एका धर्मादाय संस्थेचा पुरस्कार जाहीर झाला होता. समारंभाच्या दिवशीच तो चौदा वर्षं भोगून सुटला. म्हणून मीच, त्याच्या जुन्या पहारेकऱ्यानं, त्याला गाडीत घालून लीड्सच्या सभागृहात आणलं. मंचामागच्या खोलीत बसवलं, दार ओढून घेतलं. तीनदा नाव पुकारलं, तरी पठ्ठ्या येईना. "पळाला वाटतं! शेवटी कैदीच," पुढच्या रांगेतली बाई फिसकन हसली. मी तणतणत मागे गेलो. "डेस्मंड, कुठं कडमडलायस?" "इथंच आहे, साहेब," बंद दारापलीकडून आवाज आला. "केव्हाचा उभा आहे. कुणी उघडलंच नाही." माझा हात सवयीनं मुठीकडे गेला. कोठडीच्या दाराला आतून मूठच नसते. मी हात मागे घेतला. "लेका, नीट बघ. या दाराला तुझ्याही बाजूनं मूठ आहे." आतून दारावर हात चाचपडल्याचा आवाज आला. मग मूठ फिरली.