घरोघरचं आमंत्रण

"हे डाग तुमच्या घराण्यातच आहेत का हो?" अक्षता पडताच विहीणबाईंनी कानाशी येऊन विचारलं.

शैलजाताईंनी पदर गालावर ओढला. लेकीच्या लग्नात बरं दिसावं म्हणून त्यांनी लेझर करून घेतलं होतं. सुरकुत्या गेल्याही होत्या. "दोन महिने उन्हात जाऊ नका, चेहरा काळवंडेल," डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दारात जाऊन कुंकू लावल्याशिवाय नातेवाईक आमंत्रण मानतात कुठे? त्या वैशाखातल्या उन्हात घरोघर हिंडल्या.

"घराण्यात नाही हो. लेझरनंतर ऊन लागलं," त्या कळवळून म्हणाल्या.

"हौसेनं कुणी तोंड भाजून घेतं का? खरं काय ते सांगा."

आणि विहीणबाई नव्या सुनेचा हळदीनं उजळलेला गाल बोटानं घासून बघू लागल्या.